चाळिसातली एक

वर्षअखेरची स्टॉकमोजणी चालू असताना मला कोणी हाक मारायची नाही, हा आमच्या ऑफिसातला जुना नियम. म्हाताऱ्या अर्बाबांना, म्हणजे मालकांना, तो लागू नव्हता. कंपनी त्यांनी उभी केली, आता मुलगा चालवतो. ते स्वतः मस्कतबाहेर माबेल्याच्या एका शेडमध्ये आपल्या जुन्या अमेरिकन गाड्यांपाशी बसतात आणि मनात आलं की फोन करतात.

"हिसाब, ये इकडे."

"अर्बाब, मोजणी चालू आहे. गुरुवारी येऊ का?"

"गुरुवारपर्यंत मी मेलो तर?"

हे ते गेली कित्येक वर्षं म्हणतात. मी पेन खाली ठेवलं आणि गेले.

मला ते नावाने कधीच हाक मारत नाहीत. सुरुवातीला सगळ्या भारतीय बायकांना म्हणतात तसं 'सिस्टर' म्हणायचे, मग कधीतरी 'हिसाब' सुरू झालं आणि तेच राहिलं. आमचं बोलणं हिंदीत होतं. त्यांचं घराणं सूर बंदरातलं, गलबतांचं. लहानपणी काकांबरोबर मुंबईच्या फेऱ्या केल्यामुळे त्यांची हिंदी माझ्यापेक्षा जास्त मुंबईची आहे. इथे मी ती मराठीत लिहिते आहे.

शेडमध्ये नेहमीच्या झाकून ठेवलेल्या गाड्यांच्या पुढे एक नवी आली होती. नवी म्हणजे अर्बाबांसाठी नवी. दोन दारं, लांबलचक नाक, आणि मूळचा रंग कुठला होता ते सांगता येऊ नये इतकं ऊन खाल्लेला पत्रा. शारजाच्या एका व्यापाऱ्याने ती कुवेतच्या कुठल्याशा आवारातून काढून आणली होती. गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते. ते आमच्या फोरमनचे. फोरमन रत्नागिरीकडचे. वर्कशॉपमधून निवृत्त झाले तरी अर्बाबांनी त्यांना या गाड्यांसाठी ठेवून घेतलंय.

"या बाय," ते खालूनच म्हणाले. "माझा झाला. आता तुमची पाळी."

"माझी कसली?"

"ते सांगतील."

अर्बाबांनी आधी कॉफी घ्यायला लावली. मग गाडी दाखवली. त्या मॉडेलमध्ये कंपनीच्या छापील यादीत मिळतच नसे इतकं मोठं इंजिन तिच्यात होतं. रेडिएटर जाड. आत हीटरचे दांडे असायला हवेत तिथे नुसती सपाट पट्टी, म्हणजे उष्ण मुलखासाठी हीटर काढून मागवलेली. बाजूच्या पत्र्यावर इंजिनाचा बिल्ला नाही, कारण अशा गाडीला कंपनीने नावच दिलेलं नसे. शोरूमवाल्याने खास फॉर्म भरून पाठवायचा, हेडऑफिसने हो म्हटलं तर कारखाना चालू रांगेतल्या चार गाड्यांत ही एक वेगळी बनवून द्यायचा. ताकदीच्या गाड्यांचं वेड तेव्हा अमेरिकेत भरात होतं आणि तेलाच्या पैशाबरोबर ते कुवेतलाही पोचलं होतं.

"माझा मोठा भाऊ तेव्हा कुवेतला होता," अर्बाब म्हणाले. "आमच्याकडे ओमानला तेव्हा काही नव्हतं, ना रस्ता ना शाळा. जो तो कुवेत नाहीतर बहरीन. त्याने दोन नोकऱ्या केल्या आणि अशी गाडी मागवली. मी पोरगा होतो, तिच्या बॉनेटवर पाणी मारायचं काम माझं. परत यायच्या वेळी त्याने ती विकली. इथे आल्यावर थोड्याच वर्षांत गेला."

भाऊ गेल्याचं मला माहीत होतं. गाडीचं माहीत नव्हतं.

"भाभी सूरला आहे. लग्न होऊन कुवेतला आली तेव्हा पहिल्यांदा ती बसली ती त्या गाडीत. आता तिचे दिवस किती राहिले. मला ही गाडी तिच्या दारात नेऊन उभी करायची आहे."

"मग न्या की."

"ही तीच आहे का?"

मी फोरमनकडे पाहिलं. ते आता बाहेर येऊन हात पुसत होते.

"माझ्याकडं बगू नका," ते म्हणाले. "चेसीचा नंबर हाय, इंजनाचा हाय. पण तेंच्या भावाच्या गाडीचा नंबर काय होता ता कुणी लिवून ठेवलाच नाय. कागद गेले. मग जुळवायचा कशाशी?"

"म्हणून तू," अर्बाब मला म्हणाले. "अशा गाड्या आखातासाठी किती बनल्या ते शोध. दोन-चार बनल्या असतील तर ही त्याचीच. मी नेईन. पण पुष्कळ असतील तर दुसऱ्या कोणाची गाडी घेऊन मी तिच्या दारात जाणार नाही."

"मी सांगतंय तेंना, तीच म्हणा नि चला," फोरमन म्हणाले. "म्हातारीला काय इंजन कळतंय?"

"मला कळतं," अर्बाब म्हणाले.

"तुमाला कळून काय उपयोग, गाडी तिला दाखवायची हाय."

अर्बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणाले. नाही म्हणायला जास्त वेळ लागला असता.

खरं तर हे माझ्या रोजच्या कामासारखंच होतं. ट्रक आणि खोदाईच्या यंत्रांचे सुटे भाग किती मागवायचे ते मी ठरवते. ठेकेदाराकडे ट्रक किती आहेत हे तो कधीच खरं सांगत नाही. मग त्याने वर्षभरात किती फिल्टर नेले, किती पट्टे नेले, यावरून आपण ट्रक मोजायचे. न दिसणारी वस्तू तिच्या खाणाखुणांवरून मोजायची सवय मला होती. पण घरी त्या दिवसांत आमचंच आवरणं चाललं होतं. पुढच्या उन्हाळ्याआधी मस्कत सोडून पुण्याला परत जायचं ठरलं होतं. मवालेहच्या फ्लॅटमध्ये खोक्यांच्या तीन रांगा होत्या: न्यायचं, विकायचं, द्यायचं. चौथी रांग 'ठरलेलं नाही' अशी होती आणि तीच सगळ्यांत लांब होती.

कारखान्याकडे आकडा नाही हे लवकरच कळलं. खास ऑर्डरींची वेगळी नोंद ठेवलीच नव्हती आणि जी काही होती ती गोदामं रिकामी करताना गेली. परदेशात या गाड्यांच्या नादी लागलेले लोक आहेत. ते आपसांत चिठ्ठ्या-फोटो जमवून अंदाज बांधत असतात. त्यांना मी लिहिलं. उत्तरं आली, पण एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळेना. कोणी म्हणे हाताच्या बोटांवर, कोणी म्हणे शेकड्यात. थोड्या दिवसांत मला त्यातली मेख कळली. ज्याच्याकडे तशी गाडी आहे तो आकडा कमी सांगतो. ज्याच्याकडे नाही तो जास्त सांगतो.

मग मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. पद्धत साधी आहे. एखाद्या अनोळखी गावात आठवड्याच्या बाजाराला दोनदा जावं. दुसऱ्या वेळी बहुतेक तीच तोंडं पुन्हा दिसली तर गाव लहान. नवी तोंडं जास्त दिसली तर गाव मोठं. तेच गाड्यांच्या जुन्या फोटोंशी करायचं. एक गठ्ठा कुवेत-बहरीनच्या हौशी लोकांकडून मागवलेल्या फोटोंचा. दुसरा गठ्ठा तिथे काम करून परत आलेल्या इथल्या माणसांच्या घरातल्या अल्बममधून. बिल्ला नसलेली, साध्या लोखंडी चाकांची, मागे रुंद टायरची गाडी कशी ओळखायची ते फोरमननी मला शिकवलं. पहिल्या गठ्ठ्यातल्या किती गाड्या दुसऱ्यात पुन्हा येतात ते बघायचं. फोटो सगळे काळे-पांढरे, त्यामुळे रंगाचा उपयोग नाही. कुठली गाडी कुठली हे मी नंबरप्लेटवरून धरलं.

अल्बमसाठी फिरावं लागलं. शुक्रवारी आमच्या यजमानांना घेऊन रुस्ताकला गेले. तिथे बाजारात अवजारांचं दुकान असलेला एक म्हातारा होता, कुवेतला ट्रक चालवलेला. त्याने दुकानामागे बसवलं, खजूर पुढे केले, कॉफी ओतत राहिला. मी कप हलवून नको म्हणेपर्यंत अल्बम काही उघडला नाही. अर्बाबांना ओळखत होता.

"त्याला आकडा कशाला हवा?"

"गाडी भावाची आहे का ते बघायला."

"भावाची गाडी भावाबरोबर गेली," तो म्हणाला. मग अल्बम माझ्याकडे सरकवला. "घे. फोटो काढून घे. या पानावरची माझी नव्हे, मी नुसता टेकून उभा आहे."

त्या पिढीतले सगळेच दुसऱ्याच्या गाडीला टेकून उभे होते. हे मला बरं पडलं, कारण लोक टेकायला चांगलीच गाडी निवडतात.

परतताना यजमान म्हणाले, "आपण सुट्टी घर आवरायला घेतली होती ना?"

"हो."

"मग हे काय आवरतो आहोत?"

"अर्बाबांचं," मी म्हणाले. घाट उतरल्यावर ते म्हणाले, "आपलं मायक्रोवेव्ह तो खालच्या मजल्यावरचा केरळी घेतोय. कॉर्ड शोधून ठेव."

दोन महिन्यांत दोन्ही गठ्ठे पुरेसे झाले. नंबर लावून बघितले तर तेच तेच नंबर पुन्हा पुन्हा येत होते. बाजारात दुसऱ्यांदा गेले तर सगळी पहिलीच तोंडं. गाव अगदी लहान निघालं. पाच गाड्या, फार तर सहा. मी दोनदा तपासलं आणि अर्बाबांना सांगायला गेले.

त्यांनी ते माझ्याकडून तीन वेळा वदवून घेतलं. मग उठले आणि गाडीभोवती एक फेरी मारून आले, हात पत्र्यावरून फिरवत.

"पाच," ते फोरमनना म्हणाले.

"पाच नायतर सा," फोरमन म्हणाले. "मी तर पयलंच सांगत होतंय. सीट शिवायला टाकू?"

"टाक."

तिथूनच त्यांनी सूरला फोन लावला. पंधरवड्यानंतरच्या शुक्रवारी येतो, तुझ्यासाठी काहीतरी आणतोय, एवढंच वहिनीला सांगितलं. काय ते सांगितलं नाही. ती पलीकडून बरंच बोलली. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "विचारते, मासा कुठला करू."

फोरमननी सीट शिवून घेतल्या, काचा बदलल्या, इंजिन चालू करून दाखवलं. सूरपर्यंत ते इंजिन जाईल याची खात्री कोणालाच नव्हती म्हणून गाडी ट्रकवर घालून न्यायची ठरलं. शेवटचे दोन किलोमीटर अर्बाब स्वतः चालवणार होते. मुलाने नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही.

त्याच आठवड्यात आमची गाडी विकली गेली. घेणारा एक शिक्षक होता, सज्जन माणूस. सगळं ठरलं, चहा झाला, आणि खाली पार्किंगमध्ये यजमान पेचकस घेऊन नंबरप्लेट काढायला बसले. नंबर काही खास नव्हता, पण यजमानांचा त्याच्यावर जीव. इथे नंबर माणसाचा असतो, गाडीचा नाही. गाडी जाते, नंबर घरात राहतो आणि पुढच्या गाडीवर चढतो. आमचा तिसऱ्या गाडीवर होता. परत जाणार असल्यामुळे आता त्याला आमची चौथी गाडी मिळणार नव्हती. तरी त्यांनी तो काढून ठेवायचं ठरवलं, कारण तो कोणी मित्र घेणार होता.

मी सावलीत उभी राहून स्क्रू हातात घेत होते. त्या वेळी माझ्या लक्षात आलं.

आमचे अल्बम घेऊन कोणी माझ्या पद्धतीने मोजायला बसलं असतं तर त्याला आमची एकच गाडी सापडली असती. पांढरी, राखाडी, पुन्हा पांढरी. तिन्ही वेगळ्या, पण नंबर एक. इतकी वर्षं इथे राहून, स्वतःचा नंबर दोनदा हलवून, मोजायला बसल्यावर मात्र मी गाडीला नंबर कायमचा चिकटवला होता. आपल्याकडे नंबर गाडी भंगारात जाईपर्यंत तिच्या अंगावर असतो. माझ्या डोक्यातली गाडी अजून पुण्याचीच होती.

"काय झालं?" यजमानांनी विचारलं.

"काही नाही. पुन्हा शेडवर जावं लागेल."

"अजून?"

दोन संध्याकाळी सगळे फोटो पुन्हा काढून बघितले. या वेळी नंबर कागदाच्या पट्टीने झाकून ठेवला. आरसा कुठल्या बाजूला, अँटेना पुढे की मागे, बंपरला पोचा, दाराच्या मुठीखालचा ओरखडा. त्या काळातली पैसेवाली घरं दरवर्षी नाहीतर वर्षाआड गाडी बदलत आणि आवडली असेल तर तशीच पुन्हा मागवत. नंबर तोच. जिला मी एक गाडी म्हणत होते तिच्या चार झाल्या. दुसरीच्या तीन. आधी दोन्ही गठ्ठ्यांत सापडलेली तोंडं आता बहुतेक एकेकदाच दिसत होती. गाव मोठं झालं. तीस ते चाळीस गाड्या. त्यातही ज्यांना कोणी टेकून उभं राहिलं नाही अशा कमनशिबी गाड्या मी अंदाजाने धरल्या होत्या, त्या जास्तही असू शकतात.

शेडवर गेले तेव्हा अर्बाब नमाजाला गेले होते. फोरमननी ऐकून घेतलं.

"मंग? सांगणार?"

"सांगावं लागेल."

"बाय, गाडी चकाकते हाय. सीट शिवल्या. म्हातारीनं मासा आणलान असंल. आता तुमच्या आकड्याला कोण विचारतंय?"

"त्यांनीच विचारलंय."

"तेंनी विचारलन, तेंना मिळाला. पाच. दुसऱ्यांदा विचारलन काय?"

मला थकवा आला होता आणि फोरमन म्हणतात तसं करणं सोपं होतं. पण अर्बाब ती गाडी घेऊन दारात उभे राहणार होते ते माझ्या शब्दावर. तो शब्द आता खरा नव्हता.

ते आले. मी उभ्या उभ्याच सांगितलं.

"आधी पाच होत्या," ते म्हणाले.

"पाच नंबर होते. गाड्या जास्त."

"सगळ्या अशाच? हीटर नसलेल्या?"

"अशाच."

त्यांना समजायला वेळ लागला नाही. शेडच्या दारात उभ्या असलेल्या त्यांच्या स्वतःच्या मोठ्या गाडीवर त्यांच्या पहिल्या गाडीचा नंबर आहे. ते खुर्चीत बसले. कोणीतरी कॉफी ओतून दिली, ती त्यांनी हातात धरून ठेवली.

"म्हणजे चाळिसात एक."

"हो. ही त्यांची नसण्याचीच शक्यता जास्त."

"ते मला कळतं. मी धंदा केलाय." मग कॉफी खाली ठेवून म्हणाले, "तिला येतो म्हणून सांगून बसलो."

फोरमन म्हणाले, "तर जाऊ या. गाडी ठेवू, तुमी जावा."

"नाही. गाडीही येईल. ट्रकवरच राहील, उतरवायची नाही. आधी मी तिला खरं सांगेन, मग ती म्हणेल तसं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू चल. आकडा तू सांगायचा. मी सांगितला तर मी तो कमी करेन."

शुक्रवारी सकाळी निघालो. अर्बाबांच्या गाडीत ते, ड्रायव्हर आणि मागे मी. फोरमन ट्रकवाल्याबरोबर. कुरियातनंतर रस्ता समुद्राला लागतो तेव्हा अर्बाब दरवेळी काहीतरी दाखवतात, हे गाव, ते वादीचं कोरडं पात्र, इथे आमचं गलबत लागलं होतं. त्या दिवशी त्यांनी काही दाखवलं नाही. मी खोक्यांचा विचार करत होते. खरं म्हणजे झोप येत होती.

सूरला वहिनीचं घर खाडीजवळ, जुन्या वस्तीत. गल्ली अरुंद म्हणून ट्रक गलबतं बांधायच्या आवाराशेजारी थांबवला आणि आम्ही चालत गेलो. वहिनी आतल्या बैठकीत गादीवर बसल्या होत्या, किरकोळ अंगाच्या, हातात जपमाळ. अर्बाब त्यांच्या कपाळाचं चुंबन घेऊन खाली बसले, आणि त्या क्षणी ते एकदम धाकटे दीर झाले. माझं अरबी कामापुरतं, पण वहिनी सावकाश बोलत होत्या, मला कळत होतं.

"वाळलास," त्या म्हणाल्या. "ही कोण?"

"ही आमच्याकडे हिशेब बघते. तिला काही सांगायचंय."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. माझा सगळा तयार केलेला परिच्छेद गेला. अर्बाबांनीच सुरुवात केली. त्याने कुवेतला गाडी घेतली होती, आठवते? तशी एक बाहेर ट्रकवर आहे. त्याची असेल असं मला वाटलं होतं.

"तशा गाड्या तीस ते चाळीस होत्या," मी म्हणाले. "त्यातली ही एक. कोणाची ते सांगता येत नाही."

"तीस की चाळीस?"

"नक्की नाही सांगता येत."

"म्हणजे तुलाही माहीत नाही."

"नाही."

त्यांनी जपमाळ बाजूला ठेवली. "त्याने मला सांगितलं होतं, अशी गाडी जगात एकच आहे. तुझ्यासाठी मागवली."

अर्बाबांनी मान खाली घातली. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"मी नवीन होते," वहिनी म्हणाल्या. "तरी मी म्हटलं, समोरच्या कुवेत्याच्या दारात उभी आहे ती काय मग? तर म्हणाला, ती वेगळी. मी दोन्हींकडे बघितलं. मला काही वेगळं दिसलं नाही. तो म्हणाला, तुला समजत नाही."

"तुला माहीत होतं?" अर्बाबांनी विचारलं.

"डोळे होते मला. शेजाऱ्याची बायको पण म्हणायची, माझ्या नवऱ्याने माझ्यासाठी एकच मागवली. आम्ही दोघी बाजारात जाताना हसायचो." त्या आताही हसत होत्या. "बाकीच्या चाळीस बायकांना दाखवून आलास का, का माझ्यापासून सुरुवात?"

"एकोणचाळीस," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

"हिशेबवाली बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

अर्बाब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "बघतेस का? इथे आणू?"

त्यांनी थोडा विचार केला. मग मोलकरणीचा हात धरून उठल्या आणि गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या. तिथून आवाराजवळचा ट्रक दिसत होता. वर गाडी, उन्हात चकाकत. शेजारी फोरमन रुमालाने मान पुसत उभे.

वहिनी बराच वेळ बघत राहिल्या.

"एवढी लहान होती?"

"एवढीच," अर्बाब म्हणाले.

"मला मोठी आठवते." मग म्हणाल्या, "उतरवू नका. तो बिचारा उन्हात उभा आहे. बोलव त्याला आणि ट्रकवाल्याला, जेवण निवतंय."

जेवायला बसलो. भात, किंगफिश म्हणजे आपली सुरमई, लिंबू, कांदा. वहिनी स्वतः जेवल्या नाहीत, वाढत राहिल्या. फोरमनना त्यांनी विचारलं घर कुठे, त्यांनी रत्नागिरी सांगितलं. तर त्या म्हणाल्या, तिथला आंबा आमच्याकडे यायचा. मग दीर-भावजय भावाबद्दल बोलायला लागले. गाडीबद्दल नाही. तो झोपेत बोलायचा, त्याला समुद्राची भीती होती पण कोणाला सांगायचा नाही, एकदा तो कुवेतच्या बाजारातून आणलेली बांगडी हरवून घरी आला नव्हता दोन दिवस. अर्बाबांना यातलं बरंच माहीत नव्हतं. ते पोरासारखं विचारत होते, मग काय झालं, मग तो काय म्हणाला. वहिनी सांगत होत्या, पण मधेच थांबत. मला वाटलं त्या दमल्यात. निघताना त्यांनी दिराला सांगितलं, पुढच्या वेळी रिकामा ये, काही आणू नकोस.

परतीला अर्बाब पुढच्या सीटवर बसले. तिवीच्या वळणावर मागे न बघता म्हणाले, "तिला तेव्हापासूनच माहीत होतं."

"हो."

"मला वाटत होतं, एकच आहे."

थोड्या वेळाने बघितलं तर त्यांची मान खिडकीकडे कलली होती आणि ते झोपले होते. ड्रायव्हरने एसी कमी केला.

कुरियातच्या पेट्रोल पंपावर फोरमनचा फोन आला. ट्रक आमच्या बराच मागे होता.

"बाय, गाडी कुठं उतरवू? शेडात पुढल्या जागेत लावायची का?"

"मागे, बाकीच्यांत लावा. झाकून ठेवा."

"अर्बाबास विचारलंव?"

"झोपलेत."

"मंग उद्या विचारा."

"उद्या विचारते," मी म्हणाले आणि फोन पर्समध्ये टाकला.